सांग, काय दिसतं?

१२ जानेवारी २०१०, मंगळवार

पुन्हा तेच! मुली पळतायत, बॉल फिरतोय, आणि हा माणूस माझ्या शेजारी हाताची घडी घालून — "सांग, काय दिसतं?" अरे बाबा, तुला दिसतं तेच मला दिसतं! पण बोलले नाही. बोलायची माझी काय टाप? सप्टेंबरपासून या होकानची असिस्टंट कोच आहे, तीही त्याच्याच मेहरबानीने.

मग सांगत बसते. बॉल डावीकडे. त्यांच्या सहा जणी गोलसमोर ओळीत. मधली एक पुढे सरकली. ऊर्मी मोकळी. ऊर्मीने पास उशिरा दिला. ऊर्मी माझी पोरगी असली तरी उशिरा ते उशिराच. होकान मान डोलावतो, शिट्टी फुंकतो, आणि मी सांगितलेलंच मुलींना फ्रेंचमध्ये ऐकवतो, त्याच्या त्या स्वीडिश घशातून. मुली त्याच्या फ्रेंचला हसतात. माझ्या फ्रेंचला हसत नाहीत, कारण मी बोलतच नाही.

राजन म्हणतो, "शिकवतोय तो तुला. आता फक्त गुरुदक्षिणा काय मागतो ते बघ." नवऱ्याला सगळ्यातच गंमत दिसते.

पण खरंच शिकवत असेल तर? नागपूरला शाळेत पी.टी. टीचर होते. विद्यापीठाकडून हँडबॉल खेळले, महाराष्ट्राकडून खेळले. आणि मॉन्ट्रियलला आल्यापासून मला काही शिकवावं, एवढ्याही लायकीची कोणाला वाटले नव्हते. क्लबच्या प्रेसिडेंटला, सिल्वीला, मी नकोच होते. तिला फ्रेंच बोलणारी, सर्टिफिकेटवाली हवी होती. होकान म्हणाला, ही नसेल तर मीही नाही. एवढा मोठा माणूस, स्वीडनच्या टीममध्ये खेळलेला! तो माझ्यासाठी असं बोलला. त्या बाकावरची जागा गेली तर माझ्याकडे या शहरात काय उरतं? राजनचा डबा आणि शोव्हल करायचा बर्फ.

१६ जानेवारी, शनिवार

जिंकलो. घसा पार बसलाय, अख्खी मॅच बोलत होते. होकान म्हणाला, "मध्येच गप्प होऊ नकोस. तू गप्प झालीस की मला वाटतं अटॅक अडला."

मीठ-पाण्याच्या गुळण्या. राजन खूश — घरात शांतता!

२६ जानेवारी, मंगळवार

प्रॅक्टिसनंतर ऊर्मी मैत्रिणीच्या आईबरोबर गाडीतून गेली. मी आणि होकान मेट्रोने. गाडी का चालवत नाहीस विचारलं, तर म्हणाला, "मॉन्ट्रियलचे खड्डे बघितलेस?"

आज मूडमध्ये होता. दक्षिण स्वीडनमध्ये समुद्राकाठी त्याचं गाव. वडील साखर कारखान्यात. हिवाळ्यात करायला काही नाही, गावात एकच गरम हॉल, तिथे हँडबॉल. "आम्ही खेळाडू नव्हतो गं, थंडीने कुडकुडणारी पोरं होतो." तो मध्ये खेळायचा — गोल मारणारा नव्हे, गोल मारायला लावणारा. देशाच्या टीममध्ये निवड झाली, पण बहुतेक वेळ बाकावर. "तिथेच कोच झालो. बाकावरून सगळं दिसतं." मग गुडघा गेला. गावचाच क्लब हातात घेतला आणि त्या चिमुकल्या क्लबला वरच्या लीगमध्ये नेलं. मग जर्मनीच्या बड्या क्लबने बोलावलं, वाजतगाजत, आणि ख्रिसमसच्या आधीच हाकललं. का विचारलं तर खांदे उडवले. "हरलो म्हणून. कोचला काढायला दुसरं कारण लागत नाही."

बायको इथली, क्वेबेकची. तिच्यामागे इथे आला. "मग ती गेली. मी राहिलो." आणि राहिला तो कुठे, तर अशा देशात जिथे हँडबॉल म्हटलं की लोक विचारतात, तो भिंतीवर मारतात तो का?

साठीला आला असेल. पंधरा वर्षांच्या पोरींना शिकवतोय, पण पट्टी जर्मनीचीच लावतो. मला आवडतं ते. मी आल्यापासून इथे कोणी माझ्यावर पट्टी लावलीच नव्हती.

६ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहिते.

ऊर्मीला ताप, म्हणून ती घरी. प्रॅक्टिसला ती नेहमी घालते ती पिवळी जर्सी आज क्लोएने घातली होती. होकान ओरडला — "ऊर्मी, कोपर वर! डावं कोपर वर!" क्लोए उजव्या हाताने खेळते. मुली खिदळल्या, त्यांना वाटलं थट्टा करतोय. तोही हसला, वेळ मारून नेली.

मला हसू आलं नाही. कोच एखादीचं नाव चुकेल, समजू शकते. पण डावखुरी? अख्ख्या टीममध्ये एकच डावखुरी आहे! डावखुरी मिळावी म्हणून कोच लोक देव पाण्यात ठेवतात. तीन वर्षं तिचा तो हात यानेच घडवलाय. आणि उजव्या हाताने बॉल मारणाऱ्या मुलीला तो डावं कोपर वर घे म्हणतो?

मेट्रोत समोर बसले आणि विचारलं, "होकान, मी आत्ता हसतेय की नाही, सांग."

दोन स्टेशनं गेली. मग म्हणाला, "माहीत नाही."

मधलं गेलंय म्हणाला. कडेचं दिसतं — दार, पायऱ्या, हॉलमधल्या रेषा, माणूस उभा आहे एवढं. पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धुकं. चेहरा नाही, बॉल तर नाहीच. दोन वर्षं झाली, वाढतच चाललंय. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. हे सगळं असं सांगितलं की जणू दुसऱ्या कोणाच्या गुडघ्याबद्दल बोलतोय.

७ फेब्रुवारी, रविवार

म्हणजे शिकवत नव्हता. मी त्याचा चष्मा होते.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज भांडले. स्पष्ट विचारलं — "मला घेतलंस ते कशासाठी? हिला फ्रेंच येत नाही, ही कोणाला काही सांगणार नाही म्हणून?"

तो म्हणाला, "पहिल्यांदा, हो."

इतका राग आला! कोणी इतकं खरं बोलतं का? मी बॅग उचलली. तो म्हणाला, "नंतर तू माझ्यापेक्षा चांगलं बघायला लागलीस. मला दिसत होतं तेव्हाही मी इतकं बघत नव्हतो." मी बॅग खाली ठेवली. स्तुतीला एवढी भुकेली आहे मी, लाज वाटते.

त्याला एवढंच हवंय — एप्रिलपर्यंत. ही टीम फायनलला जाईल असं त्याला वाटतं. तेवढी मॅच होऊ दे, मग तो आपणहून थांबेल. पण डोळ्यांचं कोणाला कळता कामा नये. "मी हरलो असं म्हणू देत, चुकलो म्हणू देत. सवय आहे. बिचारा म्हटलेलं चालणार नाही." ऊर्मीलाही सांगायचं नाही. विशेषतः ऊर्मीला नाही. मुलींना कळलं की त्या माझ्यासाठी खेळतील, म्हणाला, स्वतःसाठी नाही.

मी शब्द दिला. त्याच्यासाठी दिला असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तो गेला की सिल्वी दुसऱ्या दिवशी कोणी तरी फ्रेंचवाली आणून बसवील आणि मी परत बर्फ शोव्हल करायला मोकळी. माझाही स्वार्थ आहेच.

राजनला सांगितलं, त्याला सांगितल्याशिवाय राहवलं नसतं. तो चेष्टा करील असं वाटलं होतं. म्हणाला, "पद्मजा, हे अंगावर येईल तुझ्या."

१ मार्च, सोमवार

काल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाला आइस हॉकीचं गोल्ड मिळालं. गल्लीत हॉर्न, झेंडे, शेजारचा झां-मार्क बाल्कनीत ओरडतोय. ऊर्मीसुद्धा नाचली. मी आणि होकान मात्र फोनवर — शनिवारच्या मॅचचं काय? त्याचं स्वीडन आधीच हरून बसलंय, त्याला काय हॉकीचं!

पुढची टीम कशी खेळते ते मी जाऊन बघायचं आणि त्याला सांगायचं. सांगायचं म्हणजे कसं, तर तो विचारतो — पाय कुठे होते? खांदा कुठल्या बाजूला? बॉल हातात यायच्या आधी ती कुठे बघत होती? आधी मी "चांगली खेळते" असं म्हणायचे. आता पाय सांगते. स्वप्नातही पाय दिसतात.

१३ मार्च, शनिवार

जिंकलो, पण आज जीव गेला होता. मॅचनंतर रेफरी शेकहँडसाठी हात पुढे करून उभा आणि होकान दुसरीकडेच बघतोय. मी कोपराने ढोसलं. सिल्वी समोरच होती. तिने पाहिलं का? देव जाणे.

घरी येताना गाडीत ऊर्मी म्हणाली, "आई, यू टॉक अबाउट मी लाइक आय अॅम अ नंबर. इलेव्हन इज फ्री, इलेव्हन इज लेट. आय कॅन हिअर यू, यू नो." अकरा तिचा नंबर. मी म्हटलं, बाकावर मी तुझी आई नसते. म्हणाली, "येस, आय नोटिस्ड."

खरं तर मला तिच्याकडे बघायची भीती वाटते. ती उडी मारते तेव्हा दोन-दोन धिप्पाड पोरी तिच्या अंगावर येतात. आई म्हणून बघितलं तर मी बोलूच शकणार नाही. म्हणून अकरा म्हणते. हे तिला कसं सांगू?

१० एप्रिल, शनिवार

सेमीफायनल जिंकलो!!! होकानने मुलींना एकेक करून जवळ घेतलं. प्रत्येकीला बरोबर नावाने. मी त्याच्या मागे उभी राहून एकेक नाव पुटपुटत होते. मुलींना वाटलं, मी मंत्र म्हणतेय.

मेट्रोत तो एकदम थकलेला दिसला. म्हणाला, आता कडासुद्धा अंधुक व्हायला लागल्यात. हॉलमधल्या रेषा आज दिसल्या नाहीत.

फायनल क्वेबेक सिटीला, चोवीस तारखेला. एकच मॅच. एकच! मग सुटलो दोघंही.

२३ एप्रिल, शुक्रवार

जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल, शनिवार

लिहवत नाही.

२५ एप्रिल, रविवार

लिहिलं नाही तर वेड लागेल.

बरोबरीत होतो. शेवटचं मिनिट, बॉल आमच्याकडे. आमचा टाइम-आउट शिल्लक होता. टाइम-आउट घ्यायचा म्हणजे कोचने जाऊन टाइमकीपरच्या टेबलावर हिरवं कार्ड ठेवायचं. ठेवलं की शिट्टी. शिट्टी झाली की खेळ थांबला, त्यानंतर काही झालं तरी ते धरत नाहीत. लहान पोरांनाही माहीत असतं हे. आमचं ठरलं होतं, अटॅक अडला तरच कार्ड. होकान टेबलापाशी कार्ड घेऊन उभा, मी त्याच्या कानाशी. बोलतेय, बोलतेय. बॉल डावीकडे. मध्ये आला. क्लोए. क्लोएला अडवलं. परत मध्ये. अकराकडे.

ऊर्मीकडे.

तिच्यासमोर त्यांची ती सगळ्यात उंच पोरगी. ऊर्मीने पावलं टाकली आणि उडाली. आणि मी डोळे मिटले. हात जोडले आणि मनात गजानन महाराज, गजानन महाराज. नागपूरला आम्ही मॅचच्या आधी सगळ्याजणी असंच उभ्या राहायचो, डोळे मिटून, महाराजांचं नाव घेत. आधी! चालू मॅचमध्ये कधीही नाही. चालू मॅचमध्ये डोळे मिटणाऱ्या पोरीला तर मी शाळेत मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या!

मी गप्प झाले. मी गप्प झाले म्हणजे अटॅक अडला. होकानने कार्ड ठेवलं.

शिट्टी ऐकून डोळे उघडले. बॉल जाळीत होता. ऊर्मी दोन्ही हात वर करून आमच्याकडे तोंड करून उभी. आणि रेफरी नाही, नाही करत हात हलवतोय. शिट्टी आधी, बॉल नंतर. गोल नाही. कार्ड टेबलावर, होकानचा हात अजून त्याच्यावरच. त्याने मान वळवून मला विचारलं, हळूच — "काय झालं?"

काय झालं!

पुढचं काय लिहायचं. परत सुरू झालं, आमचा शॉट अडला, त्या सुटल्या, गोल. एका गोलने हरलो. आईबाप वरून ओरडत होते. कोणी तरी म्हणालं, म्हाताऱ्याला घरी पाठवा. होकान मुलींसमोर उभा राहिला आणि मोठ्याने फ्रेंचमध्ये म्हणाला, माझी चूक, फक्त माझी. ऊर्मी त्याच्या तोंडावर ओरडली, "व्हाय? व्हाय वुड यू डू दॅट?" तो म्हणाला, "आय अॅम सॉरी, ऊर्मी." मी तिथेच होते, बाजूला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आधी बोलायचं तेव्हा नाही आणि मग बोलायचं तेव्हाही नाही.

बसमध्ये ऊर्मी मागे बसली, तोंडावर जॅकेट घेऊन. होकान माझ्या शेजारी. अख्ख्या रस्त्यात त्याने मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. मला कोणी तरी शिव्या द्या.

महाराजांनी ऐकलं, हे तर सगळ्यात वाईट. बॉल गेला की जाळीत.

२७ एप्रिल, मंगळवार

ऊर्मी बोलली. नसती बोलली तर बरं.

मी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या ठेवायला गेले. ती पलंगावर, भिंतीकडे तोंड. म्हणाली, "गोल झाल्यावर मी पहिलं तुझ्याकडे बघितलं, आई. युअर आइज वर क्लोज्ड. यू वर प्रेइंग. लाइक आय कुडन्ट डू इट ऑन माय ओन."

मी म्हटलं, तसं नाही गं राणी.

"कोच इज अॅन इडियट. बट अॅट लीस्ट ही वॉज वॉचिंग मी."

तो बघत होता! तो! आणि मी काय बोलणार होते? बोलले असते तर शब्द मोडला असता. घड्या पलंगावर ठेवल्या आणि बाहेर आले. वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. इतकी रडले की राजन दार वाजवायला लागला. "पद्मजा, दार उघड. पद्मजा, काहून असं करतेस?" माणूस घाबरला की आपोआप नागपूरला जातो.

३० एप्रिल, शुक्रवार

सिल्वीने कॉफीला बोलावलं. हळूहळू इंग्लिशमध्ये बोलत होती, माझ्यासाठी. चांगली बाई आहे, मीच तिला उगाच सासू करून ठेवलं होतं. म्हणाली, कमिटीचं मत पडलंय, होकान आता थकला. "माणूस मोठा, पण असं कार्ड कोण ठेवतं? अ बिगिनर्स मिस्टेक." मग — "पुढच्या सीझनला तू टीम घेशील का, पादमाजा? मुली म्हणतात, सगळं तूच बघतेस. फ्रेंच काय, शिकशील. क्लब फी भरेल."

सगळं तूच बघतेस!

मग तिने विचारलं, "तू त्याच्या शेजारीच होतीस ना? झालं काय नेमकं?"

मी म्हटलं, कळलं नाही. सगळं इतकं पटकन झालं. विचार करून सांगते टीमचं, म्हटलं, आणि उठले. क्रोआसाँ तसंच राहिलं.

४ मे, मंगळवार

होकानच्या घरी गेले. पहिल्यांदाच. एवढीशी जागा, भिंतीवर एकही फोटो नाही, ट्रॉफी नाही, काही नाही. त्याला दिसत नाही म्हणून की आधीपासूनच नव्हतं, विचारलं नाही. कॉफी त्यानेच केली. कपाच्या काठावर बोट ठेवून ओततो, बोटाला चटका बसला की थांबतो.

राजीनामा देऊन आलाय. मला म्हणाला, "टीम तू घे. मी सिल्वीला तुझंच नाव सांगितलं." मी म्हटलं, मला खरं सांगू दे, डोळ्यांचं, निदान सिल्वीला. लोक तुला खुळा म्हणतात रे. इतकी वर्षं खेळलास, शिकवलंस, आणि शेवटी त्या एका कार्डाने तुझी ओळख राहणार. तो म्हणाला, "जर्मनीत यापेक्षा वाईट म्हणाले. तू शब्द दिलायस."

मग त्याने कप खाली ठेवला. आणि विचारलंच.

"एकच सांग. तू गप्प का झालीस?"

रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. "मी रोज ते मिनिट ऐकतो, पद्मजा. तू म्हणालीस, अकराकडे. आणि मग काहीच नाही. मला वाटलं अडलं. चाळीस वर्षं मी या खेळात आहे, पण मला ते कळत नाही. तुला काय दिसलं असं?"

काय दिसलं! काहीच दिसलं नाही. माझ्याकडे दोन धडधाकट डोळे होते आणि ते मी मिटून घेतले. आंधळ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? कॉफी गरम होती तशीच प्यायले, जीभ भाजली. सांगते कधी तरी, म्हटलं. पळून आले म्हणायचं.

राजन म्हणतो, सांगून मोकळी हो. म्हटलं, काय सांगू? तुझ्या शेवटच्या मॅचला मी देवाचं नाव घेत उभी होते म्हणून? राजनने या वेळी काही चेष्टा केली नाही.

९ मे, रविवार

मदर्स डे. ऊर्मीने चहा करून दिला. कप ठेवला आणि खोलीत गेली.

१२ मे, बुधवार

सिल्वीला फोन करून हो म्हणाले.

आठ वर्षं जिच्यासाठी तडफडले ती जागा मिळाली. हेड कोच. नागपूरला आईला फोन केला, ती रडली आनंदाने, शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं. मीही रडले, तिला वाटलं आनंदाने. होकान खुळा ठरला म्हणून मला ही जागा मिळाली, आणि तो खुळा ठरला माझ्यामुळे. चोरून आणलेलं लुगडं नेसून मिरवल्यासारखं वाटतंय. नको म्हणायचं बळ मात्र झालं नाही. जागा हवीच होती मला! अजूनही हवी आहे.

ऊर्मी म्हणाली, "गुड फॉर यू." पुढच्या सीझनला खेळणार का विचारलं, तर खांदे उडवले. हे खांदे उडवणं त्याच्याकडूनच उचललंय.

तिला दिवसातून दहा वेळा सांगावंसं वाटतं — अगं, तो तुला बघत नव्हता, तो तुला बघूच शकत नव्हता. सांगितलं तर त्याला दिलेला शब्द मोडतो. आणि सांगून तरी काय? मग तिच्याकडे बघणारं कोणीच उरत नाही.

१६ मे, रविवार

ऊर्मी होकानकडे जाऊन आली. एकटीच, मेट्रोने. त्या दिवशी ओरडले त्याबद्दल सॉरी म्हणायला गेले होते, म्हणाली. दोन तास होती. डोळ्यांचं त्यानेच तिला सांगितलं.

मी भाजी चिरत होते, ती पाठीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ही आस्क्ड मी, आई. तुझी आई त्या वेळी गप्प का झाली, तुला माहीत आहे का म्हणून."

मला मागे वळवेना. म्हटलं, मग? काय सांगितलंस?

"सांगितलं, शी वॉज वॉचिंग मी. इतकं बघत होती की बोलायचं विसरली."